तानसा तलावाचा इतिहास म्हणजे आपला पुरावा
(परळ येथील सभेत केलेले भाषण)



शहापूर-वाड्याच्या पाड्यांवरून तुम्ही इथे परळला आलात. या शहराला पाणी कुठनं येतं ते आधी बघू. पूर्वी मुंबई आपल्याच विहिरी-तळ्यांवर जगायची. इथून पुढे गिरगावाकडे धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक लागतात. आज तिथे तळं शोधून सापडायचं नाही, नुसती नावं राहिलीत. वस्ती वाढली, गिरण्या आल्या, पाणी पुरेना. मग १८६० ला विहार तलाव झाला, १८७९ ला तुळशी. तरी भागेना, म्हणून थेट आपल्या डोंगरात तानसा नदी अडवली. १८९२ ला धरण पुरं झालं. दगडी भिंत, लांबी सुमारे २.८ किलोमीटर. पुढे १९५७ ला वैतरणेवर मोडकसागर बांधला.

हे सगळं कागदावर आहे. साल आहे, भिंतीचं माप आहे. पण नदी अडवली तेव्हा त्या खोऱ्यात कोण होतं?

तेही कागदावर आहे! सरकारनेच १८८२ ला ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. म्हणजे धरणाच्या दहा वर्षं आधी. त्यात वारली, ठाकूर, कातकरी, कोळी यांची वर्णनं आहेत. तलाव नंतरचा, माणसं आधीची.

आता जंगलाचं बघा. १९७० ला तानसा अभयारण्य झालं. तेव्हापासून आपल्याला ऐकवतात की तुम्ही जंगल खाता. रानपिंगळा नावाचा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ ला तो नंदुरबारकडे सापडला, २०१४ ला तानसाच्या जंगलात दिसला. जंगल राहिलं म्हणून पिंगळा राहिला. आणि त्याच जंगलात आपण पिढ्यानपिढ्या राहातोय.

वनहक्क कायदा २००६ चा. तो अभयारण्यातल्या जमिनीलाही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या कब्जात आहे, एवढं आदिवासीने दाखवायचं. साहेब विचारतो, पुरावा कुठाय? नियम १३ वाचा. गॅझेटियर, जनगणना हे पुरावे आहेत. घर, विहीर, बांध, देवाची जागा, मसणवट हेही पुरावे आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. मात्र एकावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे जोडा.

आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला जमिनीवरून हुसकता येत नाही, हेही कायद्यात लिहिलंय.

तेव्हा पाड्यावर परत गेलात की वनहक्क समितीला बसवा. आजा-आजीला विचारा: तलावाच्या आधी वाट कुठनं होती, गावदेव कुठे होता, कोणती शेतं पाण्याखाली गेली? सगळं लिहा, अंगठा घ्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. म्हातारी माणसं आहेत तोवर हे काम उरकलं पाहिजे. येत्या पावसाच्या आत करा.

जोहार!