मुलं सांगत असतात, आपण ऐकतो का?

(गणेशोत्सवातील महिला कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



बाप्पाच्या मांडवात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण याच मांडवात आपली मुलं-नातवंडं खेळताहेत, म्हणूनच तो काढते आहे.

मी इथे भिलाईत बरीच वर्षं शिक्षिका होते. चौथीतली एक मुलगी दिवसभर पाणीच पीत नसे. मी तिला रागावले. पुढे कळलं, बाथरूमकडे जावं लागू नये म्हणून ती तहान मारत होती. तिथे घुटमळणाऱ्या एका कर्मचाऱ्याची तिला धास्ती होती. ती तिच्या परीनं सांगत होती, मलाच कळलं नाही. ती खंत आजही आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांचं प्रकरण आपण वाचलं. आपल्याच छत्तीसगडात, कांकेर जिल्ह्यातल्या झलियामारी आश्रमशाळेतलं प्रकरण जानेवारी २०१३ मध्ये उघडकीस आलं. दोन्हीकडे आरोपी शाळेतलीच माणसं होती.

मग ओळखायचं कसं? शाळेचं नाव काढताच पोट दुखतं. बोलकं मूल एकाएकी गप्प होतं. झोपेत दचकतं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते. लघवीला दुखतं म्हणतं. एका ठरावीक माणसाला टाळतं. कोणी दिलं ते न सांगता चॉकलेट, मोबाईल घेऊन येतं. यातलं एखादं लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. कारण परीक्षेचंही असू शकेल. पण जवळ घेऊन विचारायला काय हरकत आहे? आणि हे मुलांच्या बाबतीतही घडतं, फक्त मुलींच्या नव्हे.

मूल बोललं तर ओरडू नका, उलटतपासणी घेऊ नका. "तुझी काही चूक नाही" एवढं आधी सांगा. अंगावरचे कपडे धुऊ नका, डॉक्टरांना दाखवा. १०९८ वर फोन करा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घरीही घेता येतो, तोही शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि साध्या वेशात. प्रकार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, मग ती शाळा कितीही नावाजलेली असो.

"लोक काय म्हणतील" हे वाक्य यंदा बाप्पाबरोबर विसर्जित करू या. त्याचे कान सुपाएवढे आहेत. आपले निदान आपल्या मुलांसाठी तरी उघडे राहोत.

गणपती बाप्पा मोरया!