शिवीच्या पलीकडचे शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बोलायचं ठरलं तेव्हा घरात हसू पिकलं. मी ना डॉक्टर, ना शिक्षणतज्ज्ञ, बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण या विषयात मला पहिली अडचण दिसते ती शब्दांची, आणि तेवढ्यापुरतं बोलायला माझी हरकत नाही.

‘स्वप्नदोष’ हा शब्द घ्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या शरीरात झोपेत, आपोआप, निसर्गक्रमानं जे घडतं त्याला आपण मराठीत दोष म्हणतो. काय झालं हे कळायच्या आत त्याच्यावर ठपका येतो. मग एस. टी. स्टँडच्या मुतारीत आणि रेल्वेच्या रुळालगतच्या भिंतींवर तो वाचतो : गुप्तरोग, धातुक्षय, हमखास इलाज. त्या भिंतींनी किती पोरांची झोप उडवली आणि खिसे रिकामे केले असतील!

माझं लहानपण सोलापुरात गेलं. घरात दखनी, शाळेत मराठी आणि संध्याकाळी मशिदीतल्या मकतबमध्ये अरबी-उर्दू. तिथले मौलवीसाहेब कडक, छडी कायम हाताशी. पण नमाजआधीच्या पाकीचे नियम शिकवताना त्यांनी आम्हा मुलांना ‘एहतिलाम’ हा शब्द सांगितला. झोपेत असं होतं, झालं की गुस्ल करायचा, म्हणजे आंघोळ, बस्स. अरबीत ‘हुल्म’ म्हणजे स्वप्न, त्यावरून हा शब्द आला. त्यात दोष कुठंच नाही. मौलवीसाहेब पुरोगामी होते असं मी मुळीच म्हणत नाही. नियमापलीकडचा प्रश्न विचारायची सोय नव्हती आणि मुलींचं सगळं त्यांच्या आयांवर सोपवलेलं. पण निदान एक स्वच्छ शब्द पदरात पडला. शाळेत मात्र विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आला तेव्हा ‘हा घरी वाचा’ म्हणून पुढची पानं उलटली गेली. त्या रात्री साऱ्या वर्गानं तो धडा घरी वाचला. इतका मन लावून अभ्यास आम्ही पुन्हा कधी केला नाही.

मुलींच्या वाट्याचे शब्द तर आणखी विचित्र. पाळी आली की आपण म्हणतो, ‘शहाणी झाली’. तिला शहाणपण कुणी दिलेलं असतं? त्या दिवसापर्यंत तिनं ऐकलेलं असतं ते कावळा शिवला, अडचण आहे, बाजूला बसली, एवढंच. आणि मुलांच्या तोंडी शरीराचे जे शब्द येतात ते शिव्यांमधून. मधल्या सुट्टीत कुठल्याही शाळेच्या मैदानावर दहा मिनिटं उभं राहा. सगळ्या अवयवांची नावं कानावर पडतील, पण ती कुणाच्या तरी आईबहिणीच्या नावानं. एखादा मुलगा हळू बोलला, मुलींबरोबर डबा खायला बसला, की तो ‘बायल्या’. त्याला स्वतःविषयी काही सांगायचं असेल तर त्याच्यापाशी शब्द कुठला? तर तोच, बायल्या.

आपल्या भाषेत हे काम कुणी केलंच नाही असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली. 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं दिली. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आपले बाबासाहेब. तरीही खटला हरले, 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र 1953 पर्यंत, म्हणजे कर्वे जाईपर्यंत, चालू राहिलं. मराठी माणसाला कर्वे आठवतात ते नाटक-सिनेमात. वर्गात त्यांना आपण येऊ दिलं नाही.

2005 मध्ये केंद्रानं शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. 2007 मध्ये त्यातल्या चित्रांवरून, मजकुरावरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यानं तो थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केलं. योगायोग असा की त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांविषयीचा अहवाल आला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेली ती पाहणी होती. त्यांतल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी या ना त्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. मुलाला काय धोका, असं म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढं 2012 मध्ये ‘पॉक्सो’ कायदा झाला. कायदा विचारानं केलेला आहे. जबाब घेताना पोलिसानं गणवेशात असू नये, असं त्यात आहे. कलम 26 मला फार महत्त्वाचं वाटतं : मुलाचा जबाब ते बोलेल तसाच नोंदवावा. आता सांगा, सात वर्षांचं मूल काय बोलेल? ‘काकांनी घाण केलं.’ ‘तिथं हात लावला.’ तिथं म्हणजे कुठं? नाक-कान-डोळे आपण बालवाडीत गाण्यातून शिकवले आणि मधला सगळा भाग ‘शी’ म्हणून सोडून दिला. कायदा त्या मुलाचे शब्द मागतो. ते द्यायचे कुणी? 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश निघाला. कॅमेरे जरूर असावेत. पण यातलं पुष्कळसं घरात घडतं, ओळखीच्या माणसाकडून घडतं. तिथं कॅमेरा नसतो.

आईबापांची भीती मी खोटी मानत नाही. सांगितलं तर पोरं नको ते करतील, असं माझ्या मोहल्ल्यातही म्हणतात आणि कवीमित्रांच्या सोसायटीतही. या एका बाबतीत हिंदू-मुसलमानांची एकजूट पाहण्यासारखी आहे! कोणत्या वयाला काय सांगायचं हे ठरवावं लागेल, हेही खरं. पण पोराच्या हातात मोबाइल आहे. त्याला त्यावर जे दिसतं त्यात बाईचा नकार कुणी ऐकत नाही. आपण गप्प बसलो तर त्याचा मास्तर तो मोबाइल. 2025 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की हे शिक्षण नववीपर्यंत लांबवू नका, आधीपासून द्या.

माझा एक स्नेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सातवीच्या वर्गात त्यानं फळ्यावर ‘शिश्न’ आणि ‘योनी’ हे दोन शब्द लिहिले. मुलं बाकावर डोकी टेकून हसली, मुलींनी माना खाली घातल्या. तो म्हणाला, ‘चौऱ्याऐंशी लक्ष योनी तुमची आजी कीर्तनात ऐकते, तेव्हा ती हसते का?’ पहिल्या दिवशी तास हसण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी निम्मा गेला. तिसऱ्या दिवशी एका मुलानं विचारलं, तिथं लागलं तर डॉक्टरला हाच शब्द सांगायचा का? आणि टेबलावर एक चिठ्ठी आली, मुलीच्या अक्षरातली : पाळी असताना पी. टी.च्या तासाला बसून राहिलं तर चालेल का, आणि सरांना कारण काय सांगायचं? स्नेही म्हणाला, ‘कारण तेच सांगायचं, पाळी आहे म्हणून.’ मग तो स्वतः जाऊन पी. टी.च्या सरांशी बोलला. ते सर अजून लाजतात, पण मुलींना बसू देतात.