एक प्रत हवी आहे

पुस्तक दुर्मीळ होते म्हणजे नेमके काय होते? बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली सुखरूप असते. ज्याच्याकडे असते त्याला त्याची कुणाला गरज असेल असे वाटत नाही आणि ज्याला हवे असते त्याला तो माणूस ठाऊक नसतो. या दोघांची गाठ पडायची, तर अनोळखी माणसाला विचारावेच लागते. आपण परगावी गेलो की रस्ता खुशाल विचारतो. पुस्तक विचारायला मात्र संकोचतो.

आधी सूची पाहावी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती १९४३ साली निघाली. १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ मध्ये आला. आपल्या आठवणीतले नाव आणि मुखपृष्ठावरचे नाव पुष्कळदा वेगळे असते, ते इथे ताळ्यावर येते. पण सूचीतली नोंद म्हणजे प्रत नव्हे. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्यात असा कायदा १८६७ पासून होता, तरी तालुक्याच्या गावच्या छापखान्यातून निघालेले प्रत्येक चोपडे तिथवर पोचलेच असे नाही. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले आणि विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले. असा वाली प्रत्येक पुस्तकाला कुठून मिळणार?

माझ्या आजोबांच्या पुस्तकाला तो नव्हता. आजोबा शाळामास्तर. मुळशी-मावळातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेऊन १९४६ साली त्यांनी पदरमोड करून त्या छापल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरले आणि उरलेल्या प्रतींचा लगदा झाला. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी तिची दृष्टी झपाट्याने अधू होऊ लागली. ती म्हणाली, “अरे, माझ्या आजीच्या ओव्या आहेत त्यात. नानांनी नाव घालून छापल्या होत्या. एकदा माझ्या डोळ्यांनी वाचू दे, मग काय व्हायचं ते होवो.”

वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत आवाहन द्यायचे ठरवले. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी आधीच बजावले, “दुर्मीळ, अमूल्य असलं काही लिहू नका. अमूल्य म्हटलं की माणूस कपाटाला कुलूप लावतो. कशासाठी हवंय ते सांगा. आणि पुस्तक मागू नका, पानं मागा.” या व्यवसायात तीस वर्षे काढलेल्या बाई त्या. मी शब्दशः तसेच केले. नाव, साल लिहिलेच. शिवाय पुस्तक तळहाताहून थोडे मोठे, कागद पिवळट आणि प्रत्येक ओवीखाली बाईचे नाव व गाव आहे, हेही लिहिले. मी स्वतः येईन, तिथेच बसून मोबाइलवर पानांचे फोटो काढीन, पुस्तक उंबऱ्याबाहेर नेणार नाही, असे वचन दिले.

अकरा उत्तरे आली. सहा जणांकडे ओव्यांचीच, पण दुसरी पुस्तके होती. एका विक्रेत्याने न पाहिलेल्या पुस्तकाची किंमत कळवली! दोघांनी ‘मिळाले तर आम्हालाही सांगा’ एवढेच लिहिले. इंदूरच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या आजीविषयी चार पाने लिहिली. पुस्तकाचा त्यात पत्ताच नव्हता, तरी ते पत्र मी जपून ठेवले आहे. अकरावा होता संगमेश्वरहून आलेला फोन. “कव्हर नाही, पहिली पानंही नाहीत. पण ओवीखाली बाईचं नाव नि गाव आहे. तुमचं ते हेच का?”

श्रोतेहो, नाव आणि साल या ठिकाणी काहीच कामाला आले नसते. ते छापलेले पानच त्या प्रतीत नव्हते. म्हणून सांगतो, विचारताना पुस्तकाच्या आत काय आहे ते जरूर लिहा.

त्या बाईंच्या सासूबाईंचे माहेर मुळशीकडचे. सासूबाईंच्या आईचे नाव त्या पुस्तकात होते, म्हणून ते ट्रंकेत टिकले. मी दिवसभर बसून फोटो काढले. पैशाचा विषय निघाला नाही. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “परत छापलंत, तर एक प्रत सासूबाईंच्या नावानं द्या.” छापायला हक्काची अडचण नाही. आपल्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, आणि आजोबा १९५८ साली गेले.

मावशीने अक्षरे टॅबलेटच्या पडद्यावर बोटाएवढी मोठी करून दोन दिवस वाचले. एक्केचाळिसाव्या पानावर तिच्या आजीच्या तीन ओव्या निघाल्या. तिसरीपाशी ती थांबली. “नानांनी ही बदललीय. आजी असं म्हणायची नाही.” मग तिने मूळ ओवी म्हणून दाखवली. मी ती समासात लिहून घेतली.

त्या प्रतीतला पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची सोळा पाने, गळालेला आहे. प्रस्तावना त्यातच असणार, आणि पहिल्या काही बायकांची नावेही. असे पुस्तक आपल्या माळ्यावर आढळले, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. पुस्तक पाठवू नये. मी येईन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)