अंड्यातली पहिली हालचाल

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलूकडे अंगणात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, की पिलू निघायला 21 दिवस लागतात. पण चौथ्या दिवशीच आतला इवलासा जीव मान हलवू लागतो. त्याला कुणी डिवचलेलं नसतं! भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी 1960च्या दशकात दाखवलं, की बाहेरच्या संवेदनांची वाट तोडली तरी ही हालचाल थांबत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशी आपल्या आपणच विजेचे स्पंद सोडतात, काही वेळ गप्प राहतात, पुन्हा सोडतात. ही वायफळ धडपड नव्हे. औषधानं स्नायू लुळे ठेवले, तर पिलाचे सांधेच जखडतात. आठव्या दिवशी रात्री अंडं बॅटरीच्या उजेडावर धरून पाहा. लाल शिरांच्या जाळ्यात काळा ठिपका हलताना दिसेल. आणि हो, अंडं लगेच कोंबडीखाली ठेवा.