तोफखाना आणि नॅनोसेकंद

मी तंजावरहून बोलतोय. इथल्या बीरंगी मेडूवर रघुनाथ नायकाच्या काळातली प्रचंड लोखंडी तोफ आहे. मीही आयुष्यभर तोफखान्यातच होतो. म्हणूनच निवृत्तीनंतर एका प्रयोगशाळेतली मुलं 'टाइम-ऑफ-फ्लाइट' वस्तुमानमापकाचा डिटेक्टर बनवताना भेटली, तेव्हा मला त्यांचं काम ओळखीचं वाटलं.

तत्त्व सोपं आहे. सारखाच विद्युतभार असलेल्या सगळ्या आयनांना सारखाच धक्का द्यायचा. हलका पुढे पळतो, जड मागे राहतो. ५,००० व्होल्टचा धक्का आणि १ मीटरची नळी धरा. १०० वस्तुमानाचा आयन साधारण १०.२ मायक्रोसेकंदांत पोचतो आणि १०१ चा त्याच्यामागून ५१ नॅनोसेकंदांनी.

आयन आदळतो मायक्रोचॅनेल प्लेटवर. ही काचेची पातळ चकती, तिला केसाहून बारीक अशी लाखो छिद्रं. छिद्राच्या भिंतींवर इलेक्ट्रॉन आपटतात आणि वाढत जातात. दोन चकत्या एकामागे एक ठेवल्या, की एका आयनाचे दहा लाख इलेक्ट्रॉन सहज होतात. पण या वेगाला चकती ०.१ मिलिमीटर जरी तिरकी बसली, तरी १ नॅनोसेकंदाचा घोळ होतो.

मुलांना ६५० वस्तुमानाच्या शिखरामागे २० नॅनोसेकंदांवर दुसरं शिखर दिसलं. कार्बन-१३ मुळे १ एककाने जड झालेला रेणू तिथेच यायला हवा. फक्त शिखर हिशेबापेक्षा उंच होतं. अहवाल लिहून तयार होता, सादर करायला दोन दिवस उरले होते. मी म्हटलं, "एकदा हलका नमुना घालून बघा रे."

१०० जवळ शेजारचं शिखर ५१ वर हवं. ते होतंच, पण २० वरही एक उभं! वस्तुमान बदलूनही जे अंतर बदलत नाही, ते रेणूचं नसतं, तारेचं असतं. केबल २ मीटरची, मीटरला ५ नॅनोसेकंद. टोकाला ५० ओहमचा रोध जुळला नव्हता, म्हणून स्पंद मागे जाऊन परत येत होता. जाऊन-येऊन बरोबर २०. रोध बदलला आणि ते शिखर गेलं.

अहवाल बाजूला ठेवताना एका मुलीचे डोळे भरले. मी म्हटलं, "पोरी, प्रतिध्वनीला शत्रू समजून तोफ डागली, तर गोळा कुणावर पडेल?"

तिने नव्या अहवालाचं पहिलं पान केबलवरच लिहिलं.