मारहाण मूल कुठे शिकतं?

(भंडारा जिल्ह्यातील बचतगटांच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



रोवणी आटोपल्यावर लाखनी तालुक्यातल्या एका गावात आमची बैठक होती. एक आई म्हणाली, "ताई, पोरगा नऊ वर्षांचा हाये. लहान बहिणीले लाथा मारते. टीव्ही पाहून बिघडला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, घरात आणखी कोण कोणाला मारतं? ती गप्प झाली. शेजारची हळूच म्हणाली, "तिचा नवरा पिऊन मारते ना!"

टीव्हीचा दोष नाहीच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत शिकागो भागात १९७७ साली सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. पंधरा वर्षांनी त्यातल्या ३२९ जणांची पुन्हा माहिती घेतली. लहानपणी टीव्हीवर खूप हिंसा पाहिलेले मुलगे नवरे झाल्यावर बायकोला ढकलणं, धरून ओढणं असं जास्त करत होते. मारणारा नायक ज्यांना आपल्यासारखा वाटला आणि पडद्यावरचं ज्यांना खरं वाटलं, त्यांच्यावर परिणाम जास्त. मुलींवरही झाला. मुलांना पडदा खरा वाटतो हे आपणही पाहिलंय. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाल्यानंतर, तो वाचवायला येईल म्हणून मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या होत्या.

पण म्हणून पेटी फोडायची का? दुसरी बाजू ऐका. आपल्याच देशात २००१ ते २००३ या काळात खेड्यांत केबल आल्यावर काय बदललं, याचा अभ्यास झाला. केबल आलेल्या गावांत 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. म्हणजे टीव्ही शिकवतो हे खरं, पण काय शिकवतो ते त्यावर काय दिसतं आणि पाहणारा काय समजतो यावर ठरतं.

आणि घर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वारंवार दिसलंय की जिने लहानपणी बापाला आईवर हात उगारताना पाहिलं, तिला स्वतःला नवऱ्याचा मार खावा लागण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. टीव्हीतला मार खाणारा माणूस मुलाच्या ओळखीचा नसतो. घरात मार खाणारी त्याची आई असते आणि मारणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. 'मारलं तरी चालतं' हा धडा मूल तिथे घेतं.

भंडारा जिल्ह्यात हिंसेबद्दल बोलताना खैरलांजी वगळता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे सुधीर आणि रोशन यांना जमावाने मारलं. ती हिंसा कुठल्या मालिकेने शिकवली नव्हती. दलित बाई ताठ मानेने जगते, आपल्या जमिनीसाठी भांडते, याचा राग गावानेच पिढ्यान्‌पिढ्या जोपासला होता. सगळं टीव्हीवर ढकललं की जात सुटते, दारू सुटते, नवराही सुटतो.

मग करायचं काय? आज टीव्हीच्या जोडीला मोबाईल आलाय, म्हणून हे जास्तच गरजेचं आहे. विड्या वळताना का होईना, मुलाजवळ बसा. मारामारी लागली की विचारा, त्याला दुखलं असेल का? बोलून मिटलं नसतं का? नायकाने मुलीच्या थोबाडीत मारली आणि मालिकेने त्याला प्रेम म्हटलं, तर 'हे चूक आहे' असं मुलासमोर मोठ्याने म्हणा. हे कामही एकट्या आईवर टाकू नका, बापालाही बसवा.

आणि घरातला मार लपवू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्या हाताशी आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकटीला भीती वाटते, म्हणून गटाने सोबत जा.

त्या आईला मी टीव्ही बंद कर असं सांगितलं नाही. गटातल्या दोघी तिच्या नवऱ्याशी बोलायला गेल्या. पहिल्यांदा त्याने दार उघडलं नाही. त्या पुन्हा जाणार आहेत. तुमच्या गावात असं दार कुठलं, ते आज इथून उठण्याआधी एकमेकींना सांगा.