ए. बी. सी. डी.

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ए. बी. सी. डी. ही अक्षरे आपण शाळेत शिकलो. पण अमेरिकेतील भारतीयांत त्यांचा निराळाच अर्थ रूढ आहे: ‘अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी’, म्हणजे अमेरिकेत जन्मलेला गोंधळलेला देशी! १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना भारतातून आलेल्यांनी हे थट्टेचे नाव दिले. कोणी तर अक्षरे पुढे वाढवून ‘जी’पाशी गुजरातही गाठले! मुलेही काही कमी नाहीत. नवख्यांना ती ‘एफ. ओ. बी.’ म्हणतात; म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला.

गेल्या दिवाळीत माझी नात न्यू जर्सीहून मोहन्याला आली. आल्या आल्या म्हणाली, “आजी, मला भूक लागला.” मी हसून म्हटले, “आली आमची एबीसीडी!” पोर गप्प झाली. रात्री अंथरुणात तिने हळूच विचारले, “आजी, मी कन्फ्यूज्ड आहे का?” मला उत्तर सुचेना.

मग मला आमचे लहानपण आठवले. नॅशनल रेयॉनच्या कारखान्यापायी ठिकठिकाणची माणसे मोहन्यात आली. आम्ही मुले घरात एक बोलायचो, नळावर दुसरे, शाळेत तिसरे. सुट्टीत गावी गेलो की चुलत भावंडे आमच्या बोलण्याला हसत आणि मला रडू येई. २००९ साली कारखाना बंद पडला, माणसे पांगली. तरी आमच्यातल्या कोणालाही गाव विचारा, आधी ‘मोहने’च सांगेल. आम्ही का गोंधळलेले होतो? आम्हांला दोन घरे होती, इतकेच.

नातीचेही तसेच आहे. १९८१ साली स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ तिकडच्या मराठी शाळांना पाठबळ देते. अशाच एका शाळेत माझी नात सुट्टीच्या दिवशी बाराखडी गिरवते. इकडे आपण मात्र तिच्या एका चुकलेल्या शब्दाला हसतो! हसण्याने भाषा येत नाही. उलट पोर बोलायचेच सोडते. शब्द सुधारावा, पण मायेने.

निघताना ती म्हणाली, “आजी, मी येतो.” मी तिला जवळ घेऊन म्हटले, “येते म्हण, बाळ. आणि लवकर ये.”